पेन्सिलनं लिहिलेलं बुकिंग

"मास्तर, किती उतरल्या?"

आप्पांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपेत बोलतायत. मी हातातलं पुस्तक मिटून त्यांच्याकडं वाकलो.

"काय उतरलं, आप्पा?"

"खुर्च्या. भाईर टेम्पोतनं उतरत्यात न्हवं? पंचवीस थप्प्या मोजल्या मी. एका थप्पीत धा. अडीचशे झाल्या." त्यांनी एक डोळा उघडला. "आपल्या दारात कुणाचं काय हाय?"

मी खिडकीतून पाहिलं. अंगणात प्लास्टिकच्या लाल खुर्च्यांच्या थप्प्या लागत होत्या. टेम्पोच्या मागं आप्पांचा धाकटा मुलगा हिंदुराव उभा होता. माझी नजर भिडल्यावर त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

"परवा गुरुवारी तुमचा थोरला विलास येणार ना इंग्लंडहून," मी म्हणालो. "लोक भेटायला येतील. त्याची तयारी चालली असेल."

"विलासला बघायला अडीचशे माणूस?" आप्पांनी डोळा पुन्हा मिटला. "त्यो काय सर्कशीतला वाघ हाय? बरं, ऱ्हाऊ द्या. शिकवा तुम्ही."

मी शिकवू लागलो. मला दुसरं काही येत नव्हतंच.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. त्या एप्रिलात मी हायस्कूलमधून निवृत्त झालो होतो. एकतीस वर्षं पाचवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवलं. पहिलं वाक्य बरोबर आल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्याची मला चटक लागलेली. मे महिन्यात घरी बसून मी बायकोलाच शब्दार्थ विचारू लागलो, तेव्हा तिनं मला पेठेत पाठवायला सुरुवात केली. अशात एका रविवारी भर दुपारी हिंदुराव मोटरसायकल घेऊन दारात आला. तोही माझाच विद्यार्थी.

"सर, आप्पा बोलवत्यात. इंग्रजी शिकायचं म्हणत्यात."

"कुणाला शिकायचंय?"

"त्यांनाच." हिंदुराव गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाला, "डॉक्टरांनी तीन-चार दिवस सांगितलेत. हृदय थकलंय म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. आता या वक्ताला त्यांचा शब्द कसा मोडायचा? म्हणून आलो."

केरबा मगदूम म्हणजे आप्पा. वय एक्याऐंशी. 'मगदूम मंडप'चे मालक. आमच्या गावात पन्नास वर्षं एकही लग्न, बारसं, निवडणुकीची सभा किंवा मयत त्यांच्या कापडाखेरीज पार पडलं नव्हतं. माझं लग्न त्यांच्याच मंडपात झालं आणि माझ्या वडिलांच्या दिवसांना माणसं त्यांच्याच सतरंज्यांवर बसली. मी गेलो तेव्हा ते खिडकीजवळच्या कॉटवर तीन उशांना टेकून होते. पाय सुजले होते, दम लागत होता, पण आवाजात मालकी होती.

"मास्तर, गुरुवारी नात येणार. रिजू. सात वर्साची हाय. तिला मराठी येत न्हाई, मला इंग्रजी. दर आयतवारी फोनवर ती म्हणती 'हॅलो आजोबा', मी म्हणतो 'हॅलो', की विलास फोन काढून घेतो. संपलं."

"मग काय शिकायचंय?"

त्यांनी उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. विलासनं पाठवलेल्या फोटोची छापील प्रत होती. रिजूनं शाळेत काढलेलं चित्र. हिरवं रान, मोठा सूर्य, आणि मधोमध लाल ट्रॅक्टरवर बसलेले मिशीवाले आजोबा.

"विलासनं तिला सांगितलंय, आजोबांची मोठी शेती हाय. तिकडं मंडपवाला म्हणायची त्याला लाज वाटत आसंल. वाटू दे. पर मी जल्मात ट्रॅक्टरवर बसलो न्हाई, मास्तर. पोरीच्या डोक्यात भलताच म्हातारा बसलाय. मी गेलो तर त्योच ऱ्हाणार." त्यांनी दम घेतला. "मी काय केलं जल्मभर, ते तिला माझ्या तोंडानं सांगायचंय. विलासनं मधी बोलायचं न्हाई. तयारीला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांच्या सुजलेल्या पायांचा विसर पडला. इतका चांगला शब्द एकतीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्यानं आपण होऊन विचारला नव्हता.

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तक्ता तयार केला. प्रिपेअर, गेट रेडी, अरेंज, सेट अप, मेक. प्रत्येकासमोर एकेक चित्र. आप्पांनी तक्ता बघितला आणि मान हलवली.

"धंदा एक आणि शब्द पाच?"

"प्रत्येकाची जागा वेगळी आहे, आप्पा. खुर्च्या 'अरेंज' करायच्या. मंडप 'सेट अप' करायचा."

"च्या?"

"चहा 'मेक'. 'प्रिपेअर' म्हटलं तर चूक नाही, पण घरात तसं कुणी म्हणत नाही."

"नवरी?"

"नवरी 'गेट रेडी' होते."

"आणि मयत?"

"त्याला 'अरेंजमेंट्स' म्हणतात. अनेकवचनात."

"माणूस एकच मेलेला आस्तो की," आप्पा म्हणाले. "आमच्याकडं बघा, लग्नाची तयारी, मयताची तयारी, पोरगं परीक्षेला बसलं तरी तयारीच. एका शब्दावर पन्नास वर्सं काढली मी." पण त्यांनी पाचही शब्द पाठ केले. सोमवारी सकाळी गेलो, तर सूनबाई मालूवहिनी दारातच म्हणाल्या, "सर, काय करून ठेवलंय? औषध दिलं तर म्हणत्यात, आय ॲम रेडी."

सोमवारीच दुपारी सोसायटीचे चेअरमन रंगराव आले. कोणत्याही शोकसभेत भाषण त्यांचंच असे. गावात कुणी आजारी पडलं, की चेअरमन भेटायला येतात आणि त्यांची चाहूल लागली की आजारी माणूस हबकतो, असं लोक म्हणत. त्यांनी कॉटजवळ स्टूल ओढलं, आप्पांचा हात हातात घेतला आणि खिशातून चिठ्ठी काढली.

"आप्पा, तुमचं जल्मसाल काय हो? सोसायटीच्या दप्तरात जरा घोळ हाय."

"बत्तीस."

"आणि धंदा सुरू कधी केला? सालच सांगा नुसतं."

"बासष्ट. पयल्यांदा चार बांबू आणि आईचं लुगडं हुतं."

"वा, वा! हे घ्यायलाच पायजे," म्हणत चेअरमननी लिहून घेतलं. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, "दप्तरात, म्हंजे."

"लिवा की," आप्पा म्हणाले. "दप्तराला रडू आलं पायजे."

चेअरमन गडबडीनं उठले. मीही पाणी प्यायला बाहेर आलो. अंगणात ते हिंदुरावाला बाजूला घेऊन हळू बोलत होते, पण त्यांचा हळू आवाज माईकवाला होता.

"हिंदुराव, आप्पांचं काय नक्की झालं का? न्हाई, वाईट वाटून घेऊ नकोस, पर शनवारी आमच्या पुतणीचं लगीन हाय. अडीचशे खुर्च्या आणि मोठा मंडप तुझ्याकडं सांगितलाय. फेब्रुवारीतच सांगितलाय."

"तुमचं पक्कं हाय, चेअरमन. हे बघा, पेनानं लिवलंय."

हिंदुरावानं बुकिंगची डायरी उघडली. त्या धंद्याची एक रीत आहे. गिऱ्हाईक नुसतं विचारून गेलं, की तारीख पेन्सिलनं लिहायची. पक्कं झालं, की पेनानं. शनिवारच्या पानावर निळ्या शाईत चेअरमनांच्या पुतणीचं लग्न होतं. त्याच्या अलीकडं गुरुवार-शुक्रवारच्या पानांवर पेन्सिलनं, स्वच्छ अक्षरात एकच शब्द होता.

आप्पा.

"शुक्रवारपर्यंत झालं तर काय अडचण न्हाई," हिंदुराव म्हणाला. मग त्याला आपलं बोलणं ऐकू आलं असावं. त्यानं डायरी मिटली आणि माझ्याकडं पाहिलं. "सर, तसं न्हवं. दुसऱ्याच्या घरी मयत झालं, तर आपण दोन तासांत मंडप उभा करतो. आपल्याच आप्पांना ऐन वक्ताला खुर्ची कमी पडली, तर गाव काय म्हणंल?"

गाव तसं खरंच म्हणालं असतं.

मंगळवारी खुर्च्या उतरल्या. सुरुवातीला सांगितलं तो हाच दिवस. बुधवारी मंडपही उभा राहिला, आणि त्याच दिवशी मी ती चूक केली.

माझी एक जुनी पद्धत आहे. शब्द पाठ झाले, की वाक्यं पुस्तकातून द्यायची नाहीत. मुलाला खिडकीबाहेर बघायला लावायचं आणि दिसेल ते सांगायला लावायचं. वर्गात यावर मी अनेकदा शाबासकी मिळवली होती.

"आप्पा, आता बाहेर बघा," मी उत्साहानं म्हणालो. "काय दिसतं ते आपल्या पाच शब्दांत सांगा."

आप्पांनी मान वळवली. "हिंदुराव... अरेंज... चेअर्स."

"इज अरेंजिंग. छान! पुढं?"

"मेन आर... सेट अप... मंडप."

"सेटिंग अप. शाब्बास! आता आतल्या खोलीत?"

"मालू मेकिंग... तांदूळ." त्यांनी मान उंचावून पाहिलं. "लई तांदूळ. मोठ्या पातेल्याचा."

"व्हेरी गुड! आता प्रश्न. व्हाय? कशासाठी? फॉर हूम? कुणासाठी?"

प्रश्न तोंडातून बाहेर पडला आणि मग मला कळलं, मी काय विचारलं. आप्पा बाहेर बघत होते. पांढरं कापड, झालर नाही, तोरण नाही. चांगलं दीड मिनिट ते बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"फॉर मी," ते म्हणाले. "बरुबर हाय?"

"आप्पा, मला माफ करा. मी..."

"वाक्य बरुबर हाय का सांगा."

"बरोबर आहे."

"मग हिंदुरावाला हाक मारा. आणि डायरी घिऊन ये म्हणावं."

हिंदुराव आला, डायरी पाठीमागं धरून. मालूवहिनी पदर तोंडाला लावून दारात उभ्या राहिल्या. आता आप्पा काय बोलणार, या धास्तीनं मी भिंतीला चिकटून होतो. आप्पांनी डायरी घेतली, गुरुवारचं पान काढलं, आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"पेन्सिलनं लिवलंस."

"आप्पा..." हिंदुरावानं टॉवेल डोळ्यांना लावला.

"बरं केलंस. पेनानं लिवलं आस्तंस तर चुकी झाली आस्ती. ह्यात काय रडायचं न्हाई, ही रीत मीच घातलीया." मग त्यांचा आवाज एकदम चढला. "पर त्यो खांब कुणी रोवला, गाढवा?"

"कुठला?"

"दारासमोरचा! तिरडी सा फुटाची आस्ती. ती दारातनं निघून वळणार कशी? माझी माणसं मला खांबावर आदळणार व्हय? आणि मयताला लाल खुर्च्या? लाल लग्नाच्या. मयताला पांढऱ्या, गोदामात मागल्या बाजूला हायत, त्यास्नी पुसून घ्यावं लागतं. पन्नास वर्सं शिकवलं आणि बापाच्या मयताला तू आडाणी ऱ्हायलास!"

"आप्पा, हे विलासदादाच्या स्वागताला..."

"स्वागताला पांढरं कापड? आणि झालर कुठाय?" आप्पांना दम लागला, ते उशीवर मागं टेकले. "खांब दोन हात बाजूला घे. आत्ता."

हिंदुराव डोळे पुसत बाहेर गेला आणि थोड्याच वेळात पहारीचे घाव ऐकू आले. आप्पा कान देऊन ऐकत होते. खांब नव्या जागी बसला, तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली.

"मास्तर, उद्याचं वाक्य पक्कं करून द्या. 'मी शेतकरी न्हाई. मी लोकांसाठी मंडप घालतो.' ते तेवढं चुकता कामा न्हाई."

मी वाक्य दिलं. आय ॲम नॉट अ फार्मर, आय सेट अप मंडप्स फॉर पीपल. त्यांनी ते चाळीस वेळा म्हटलं. संध्याकाळी मी घरी निघालो, तेव्हाही मागून पुटपुटणं ऐकू येत होतं.

गुरुवारी अकराच्या सुमारास गाडी आली. विलास उतरला, मंडप पाहिला आणि दारातच खाली बसला. त्याला वाटलं, उशीर झाला. मालूवहिनींनी त्याला उठवून, आप्पा चहा पितायत, असं सांगेपर्यंत त्याच्यासोबतची मुलगी सगळीकडं बघत अंगणाच्या मधोमध गेली होती. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. ती वर कापडाकडं बघत गोल फिरली, एका लाल खुर्चीवर बसून पाहिली, मग दुसऱ्या. खुर्च्या बदलायचं काम सकाळपासून चाललं होतं, पण पूर्ण झालं नव्हतं.

विलासनं तिला आत आणलं. आप्पा ताठ बसले होते. धुतलेला सदरा, मिशीला तेल. मी दाराशी उभा राहून ओठ हलवत होतो, जसा मी तोंडी परीक्षेत माझ्या मुलांसाठी हलवत असे.

"हॅलो आजोबा," रिजू म्हणाली.

"वेलकम, रिजू," आप्पा म्हणाले. "आय ॲम युवर आजोबा." ही दोन वाक्यं निर्धोक पार पडली. आप्पांनी तिसऱ्या वाक्यासाठी श्वास घेतला.

पण रिजूचा प्रश्न तयार होता. तिनं खिडकीबाहेर बोट दाखवून विचारलं, "इज इट अ पार्टी?"

विलासनं डोळे घट्ट मिटले. "रिजू, नो, दॅट्स..." हिंदुराव जमिनीकडं बघू लागला. बाहेर कुणीतरी पांढरी खुर्ची पुसता पुसता थांबलं. पार्टी हा शब्द मी शिकवला नव्हता, पण पन्नास वर्षं वाढदिवसांना कापड लावणाऱ्या माणसाला तो शिकवायची गरज नव्हती.

आप्पांनी नातीकडं पाहिलं. मग बाहेर पाहिलं.

"येस," ते म्हणाले. "पार्टी. युवर पार्टी."

तिनं टाळ्या वाजवल्या.

"हिंदुराव!" आप्पांनी हाक मारली. "पांढरं कापड उतरव. लाल-पिवळं चढव. झालर लाव, तोरण लाव. लाल खुर्च्या ऱ्हाऊ देत. तांदळात गूळ घाला. मास्तर, तुमच्या शाळंची गावात हायत तेवढी पोरं गोळा करा. सांजंला पाच वाजता."

"आप्पा, लोक काय म्हणतील?" विलास म्हणाला.

"जेवल्यावर काय म्हणत न्हाईत लोक. मला म्हाईत हाय."

पाच वाजता मंडपात दोनशे मुलं होती. मी नुसता वेशीपासून चौकापर्यंत चालत गेलो होतो. गूळभाताची बातमी माझ्यापुढं पळत गेली. आप्पांना खुर्चीसकट उचलून मधोमध आणून ठेवलं. चेअरमन रंगरावही आले. मघाशी कुणीतरी त्यांना नुसतं "मगदुमांकडं मंडप घातलाय, लोक जमतायत" एवढंच सांगितलं होतं. ते पांढरे कपडे घालून, चिठ्ठी खिशात ठेवून, चेहरा लांब करून आत शिरले आणि समोर आप्पांना बघून जागीच थबकले.

"या चेअरमन," आप्पा म्हणाले. "दोन शब्द बोला."

चेअरमननी आयुष्यात माईक नाकारला नव्हता. त्यांनी चिठ्ठी काढली. त्यांच्याकडं एकच भाषण तयार होतं, तेच त्यांनी सुरू केलं.

"जन्म बत्तीस सालचा. बासष्ट साली चार बांबू आणि आईचं लुगडं घेऊन ज्यांनी हा व्यवसाय उभा केला, त्या आप्पांच्या जाण्या..." ते थांबले, आप्पांकडं पाहिलं, "...जाण्यायेण्यानं गावाच्या प्रत्येक कार्याला शोभा आली. अशी माणसं पुन्हा होणे... होतच असतात. आपण सगळे त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात..." पुन्हा थांबून घाम पुसला, "...आणि सुखात सहभागी आहोत. शेवटी मी सर्वांना विनंती करतो, दोन मिनिटं शांत उभं राहावं."

सवयीनं बाहेर पडलेलं वाक्य त्यांना परत घेता येईना. मुलं शाळेतली होती. दोन मिनिटं शांत म्हटल्यावर सगळी खाडकन उभी राहिली. हिंदुराव उभा राहिला. विलास उभा राहिला. खुर्चीचे हात धरून, धडपडत आप्पाही उठले. मी त्यांना सावरायला धावलो.

"तुम्ही बसा, आप्पा."

"गप ऱ्हावा," ते पुटपुटले. "पंगतीत एकट्यानं बसू नये."

दोन मिनिटं दोनशे मुलं आणि आप्पा, आप्पांसाठी उभे होते. मग आप्पाच "बसा" म्हणाले आणि मुलांनी दणदणीत टाळ्या वाजवल्या. चेअरमन वाकून वाकून त्या घेत होते.

गूळभात वाढू लागले, तेव्हा रिजू आजोबांच्या खुर्चीशी आली.

"आजोबा, व्हेअर इज युवर ट्रॅक्टर?"

विलासनं हातातली पत्रावळ खाली ठेवली. "रिजू, लेटर," तो म्हणाला. आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. हाच तो प्रश्न, ज्यासाठी ते चार दिवस घोकत होते. त्यांनी तोंड उघडलं. "आय ॲम..." म्हणाले. "आय ॲम नॉट..." आणि वाक्य गेलं. चाळीस वेळा म्हटलेलं वाक्य. मला ते त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना दिसलं. एकतीस वर्षांत मी हजार चेहऱ्यांवरून वाक्यं जाताना पाहिली होती. मी पुढं सरकून ओठांनी "सेट अप, सेट अप" करू लागलो. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि माशी हाकलावी तसा मला हात केला.

मग त्यांनी रिजूचं मनगट धरलं. तिचा तळवा खुर्चीशेजारच्या खांबावर ठेवला, जिथं बांबूला दोरी आवळली होती. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी वर कापडाकडं केलं, मग झालरीकडं, मग खुर्च्यांवर बसून बोटं चाटणाऱ्या पोरांवरून सावकाश फिरवलं.

"धिस," ते म्हणाले. "माय ट्रॅक्टर."

रिजूनं वर पाहिलं, सगळीकडं पाहिलं. "ऑल धिस?"

"ऑल धिस."

मग त्यांनी हिंदुरावाकडून एक दोरीचा तुकडा मागून घेतला आणि तिला मंडपाची गाठ शिकवायला बसले. दोन वेढे, एक आडवा फास, शेपूट आत. तिला पाचव्या खेपेला जमली. आप्पांनी त्या गाठीला दोन्ही हातांनी हिसका दिला. नव्या गड्याची गाठ ते अशीच तपासत. ती सुटली. त्यांनी दोरी पुन्हा तिच्या हातात दिली. त्यांनी तिला एकदाही शाबास म्हटलं नाही आणि ती एकदाही उठून गेली नाही. मी तिथं उभा राहून ते बघत होतो. मला वाटतं, त्या दिवशी माझ्या निवृत्तीची ऑर्डर खऱ्या अर्थानं माझ्या हातात पडली.

शुक्रवारी मंडप उतरला आणि शनिवारी चेअरमनांच्या पुतणीचं लग्न वेळेवर लागलं. डायरीतलं पेन्सिलचं नाव आप्पांनी स्वतः खोडलं. "सारखं राखून ठेवू नकोस," ते हिंदुरावाला म्हणाले, "सराईचे दिस हायत. बुकिंग घे." हिंदुरावानं घेतलं.

पुढच्या बुधवारी सकाळी नऊ वाजता आप्पा गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत थांबले नाहीत.

त्या दिवशी चार गावांत चार लग्नं होती. चारही पेनानं लिहिलेली. मी पोचलो तेव्हा हिंदुराव रिकाम्या गोदामाच्या दारात दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता.

"सर, एक खुर्ची न्हाई. एक सतरंजी न्हाई. आमच्या आप्पांना डोक्यावर कापड न्हाई ओ!"

मे महिन्याचं ऊन अंगणात भरलं होतं. आप्पांना बाहेर आणून ठेवलं होतं आणि तोंडावर ऊन येत होतं. माणसं जमत होती, भिंतीच्या बोटभर सावलीत दाटीनं उभी राहत होती. चेअरमनसुद्धा एका दगडावर बसले होते. त्यांचं भाषण आधीच होऊन गेल्यामुळं त्यांना काही काम नव्हतं. मालूवहिनींनी कॉटवरच्या दोन पांढऱ्या चादरी आणून विलासच्या हातात दिल्या. त्यानं स्टुलावर चढून एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं लिंबाच्या फांदीला. त्याची गाठ सुटली. त्यानं पुन्हा बांधली. पुन्हा सुटली आणि चादर आप्पांच्या पायांवर पडली.

"नो, डॅडी," रिजू म्हणाली. "नॉट लाइक दॅट."

तिनं त्याला स्टुलावरून खाली उतरवलं आणि स्वतः चढली. चादरीचं टोक फांदीवरून घेतलं. दोन वेढे, एक आडवा फास, शेपूट आत. जीभ दातांत धरून तिनं ओढून धरली. आप्पांच्या तोंडावर सावली आली.

हिंदुराव अंगण ओलांडून आला. कुणाशी काही न बोलता त्यानं ती गाठ दोन्ही हातांनी धरली आणि अंगातलं सगळं वजन टाकून हिसका दिला. फांदी वाकली. गाठ जागची हलली नाही.

"पक्की हाय," तो म्हणाला आणि तिथंच फांदी धरून रडू लागला.

रिजू स्टुलावरून माझ्याकडं वळली. "सर, व्हॉट इज पक्की?"

मी तोंड उघडलं. 'पक्की'साठीही माझ्याकडं चांगले पाच शब्द होते, प्रत्येकाची जागा वेगळी. पहिला शब्द जिभेवर आला, तोवर ती दुसरी चादर खांद्यावर टाकून पलीकडच्या खिडकीकडं निघून गेली होती.